खेळामागची कारभारीण

मागे एकदा मे महिन्यात मी बहिणीच्या गावी गेले होते. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होते. ओसरीवर तिची सातवीतली मुलगी वडिलांचा मोबाईल घेऊन बसली होती. पडद्यावर एक माणूस भिंती चढत होता, कौलांवरून धावत होता, ह्या गच्चीवरून त्या गच्चीवर उड्या टाकत होता. मीही थोडा वेळ पाहत राहिले. तेवढ्यात पोरीने मान वर न करताच विचारले, "मावशी, हे कोण बनवतं गं?"

मी म्हणाले, "असेल कुठली तरी कंपनी."

ती म्हणाली, "अगं पण कंपनी म्हणजे कोण? माणूस कोण?"

खरं सांगते, मला उत्तर देता आले नाही. घरी परत आल्यावर मी ह्या धंद्याची माहिती वाचू लागले, आणि वाचता वाचता एका बाईंची ओळख झाली. त्यांचे नाव जेड रेमंड. आजच्या भाषणात त्या बाईंची हकिकत सांगणार आहे. त्यांनी केलेला खेळ चांगला की वाईट, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. खेळ बनवण्याचा हा उद्योग चालतो कसा, आणि एक बाई त्यात कारभार कसा करते, हे पाहू.

पहिल्यांदा एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्हिडिओ गेम म्हणजे एका हुशार पोराने खोलीत बसून केलेली करामत, अशी आपली समजूत असते. फार पूर्वी ते खरेही होते. १९७८ साली अमेरिकेत अटारी नावाच्या कंपनीत कॅरल शॉ नावाच्या बाई कामाला लागल्या. पुढे दुसऱ्या एका कंपनीत गेल्यावर त्यांनी १९८२ साली 'रिव्हर रेड' हा नदीवरच्या विमानाचा खेळ जवळजवळ एकटीने तयार केला. त्याच सुमारास, १९८० साली, रॉबर्टा विल्यम्स नावाच्या गृहिणीने नवऱ्याच्या मदतीने 'मिस्टरी हाउस' हा खेळ केला. म्हणजे बायका ह्या धंद्यात पहिल्यापासून आहेत, बरं का! पण पुढे यंत्रे सुधारली, खेळ मोठे झाले आणि एका खेळावर शंभरशंभर, दोनदोनशे माणसे तीनतीन, चारचार वर्षे राबू लागली.

आता इतकी माणसे एकत्र आली की काय होते, ते आपल्याला ठाऊक आहे. आपल्या गावात जत्रेला नाटक बसवतात, त्याचेच पाहा. लिहिणारा एक, पेटी वाजवणारा दुसरा, राजाचे काम करणारा तिसरा. पडदे भाड्याने आणायचे, दिव्यांची सोय करायची. राजाचे काम करणारा ऐन वेळी रुसतो. पडदेवाला उचल घेऊन बसतो आणि पडदे काही पाठवत नाही. आणि जत्रेची तारीख तर पुढे ढकलता येत नाही! अशा वेळी एक माणूस असा लागतो, जो स्वतः रंगमंचावर येत नाही, पण ज्याच्यावाचून नाटक उभे राहत नाही. व्हिडिओ गेमच्या धंद्यात ह्या माणसाला प्रोड्यूसर म्हणतात, मराठीत निर्माता किंवा निर्माती. मला मात्र आपला जुना शब्द अधिक आवडतो. तो म्हणजे कारभारीण. घरात धान्य किती, माणसे किती, पाहुणे कधी येणार आणि चूल कधी पेटवायची, ह्या सगळ्याचा मेळ जिच्या डोक्यात असतो ती कारभारीण. रेमंडबाई ह्या अशा कारभारीण आहेत.

जेड रेमंड ह्यांचा जन्म १९७५ साली कॅनडा देशात, माँट्रिऑल शहरात झाला. क्विबेक प्रांतातले हे मोठे शहर. तिथली बहुसंख्य वस्ती फ्रेंच बोलणारी. तिथल्याच मॅकगिल विद्यापीठातून त्यांनी १९९८ साली संगणकशास्त्राची पदवी घेतली. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे विशेष लक्षात घ्यावे. बाई कारभारात शिरल्या त्या मागाहून. आधी त्या प्रोग्रामर होत्या, म्हणजे संगणकाला त्याच्या भाषेत हुकूम लिहून देण्याचे काम त्या स्वतः शिकल्या आणि करत होत्या. सोनी कंपनीत त्यांनी अशी कामे केली. टेलिव्हिजनवरच्या प्रश्नमंजूषांचे संगणकावर खेळता येतील असे खेळ तिथे तयार होत असत.

ज्याने स्वतः औत धरले आहे, त्याला एका बैलजोडीने दिवसात किती रान होते हे माहीत असते. त्याला गडी फसवू शकत नाही, आणि तोही गड्याकडे अशक्य गोष्ट मागत नाही. रेमंडबाईंना हा अनुभव पुढे जन्मभर उपयोगी पडला असला पाहिजे. अमेरिकेतच इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ह्या कंपनीत त्या 'द सिम्स ऑनलाइन' ह्या खेळाच्या निर्मितीत आल्या. हा खेळ २००२ साली निघाला. त्यात लढाई नाही. घर बांधायचे, माणसे सांभाळायची आणि शेजारपाजाऱ्यांशी संबंध ठेवायचे.

मग २००४ साली त्या आपल्या गावी परतल्या. गाव सोडून गेलेली शिकलेली मुलगी परत यायची, तर गावात तिच्याजोगे काम असावे लागते. माँट्रिऑलमध्ये ते होते. का होते, तेही सांगते. १९९७ साली तिथल्या सरकारने यूबीसॉफ्ट ह्या फ्रेंच कंपनीला आर्थिक मदत देऊन आपल्याकडे बोलावले होते. तुम्ही आमच्या तरुणांना नोकऱ्या द्या, पगाराचा काही भार आम्ही उचलतो, असा तो सौदा होता. कंपनीने शहरातल्या एका जुन्या, कपडे शिवण्याच्या कारखान्याच्या इमारतीत बस्तान मांडले. जिथे एकेकाळी शिवणयंत्रांची घरघर चाले, तिथे पोरेपोरी संगणकावर काल्पनिक शहरे बांधू लागली. मुंबईच्या गिरण्यांची धुराडी थंडावल्यावर तिथे काय उभे राहिले, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ह्या गोष्टीचे मोल पटेल.

ह्या स्टुडिओत रेमंडबाईंच्या हाती जे काम आले, त्याची सुरुवातच मोठी गमतीची आहे. स्टुडिओने २००३ साली 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा एक नवा खेळ काढला होता आणि तो नावाजला गेला होता. आता त्याचाच पुढचा भाग करायचा होता. पण कल्पना रचणारे पात्रिस देझिले आणि त्यांचे सहकारी भलतीकडेच वळले. राजपुत्राऐवजी त्याच्या रक्षकालाच त्यांनी नायक केले. मग राजपुत्राचा खेळ राजपुत्रावाचून कसा चालायचा? शेवटी तो एक वेगळाच, नवा खेळ ठरला. त्याचे नाव 'असॅसिन्स क्रीड'. त्याच्या निर्मितीची सूत्रे रेमंडबाईंकडे होती. काळ घेतला इसवी सन ११९१चा, म्हणजे तिसऱ्या धर्मयुद्धाचा. आणि शहरे घेतली जेरुसलेम, एकर आणि दमास्कस.

हा खेळ मोठ्या माणसांसाठी आहे, मारामारीचा आहे. तो मुलांच्या हाती द्यावा असे मी म्हणणार नाही. पण त्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. त्यात नायक जवळजवळ कुठल्याही भिंतीवर चढू शकतो. खिडकीची चौकट, पुढे आलेला दगड, वाशाचे टोक, जे हाताला लागेल ते धरून तो वर जातो. ऐकायला सोपे वाटते, होय ना? आता विचार करा. चित्रकाराने शहरातले एक घर रंगवले. त्याला वाटले, खिडकी जरा उंच घ्यावी म्हणजे शोभेल. त्याने ती उंच घेतली. झाले! नायकाचा हात आता तिथवर पोहोचत नाही. ज्याने चढण्याचे गणित बसवले त्याचे गणित चुकले. ज्याने नायकाच्या हालचाली केल्या त्याच्या हालचाली वाया गेल्या. आणि पडद्यावर तर एका सेकंदाला सुमारे तीस चित्रे उमटायची असतात. रस्त्यावर माणसांची गर्दी वाढवली की यंत्र दमते आणि चित्रे अडखळतात. चित्रकार म्हणतो गर्दी हवी, प्रोग्रामर म्हणतो यंत्राला झेपत नाही. दोघांचेही म्हणणे खरे! तिथे निवाडा कोणी करायचा? कारभारणीने. काय ठेवायचे, काय सोडायचे, कोणते काम आधी, कोणते मागाहून, आणि पैसा किती उरला आहे, हे रोजच्या रोज ठरवणे म्हणजे निर्मिती.

आणखी एक गोष्ट अशी की, ह्या धंद्यालाही हंगाम असतो. ऊस जसा वेळेवर गाळपाला गेला पाहिजे, नाहीतर उतारा घसरतो, तसा तिकडे मोठा खेळ नाताळच्या आधी दुकानात पोहोचला पाहिजे. 'असॅसिन्स क्रीड' २००७ च्या नोव्हेंबरात बाजारात आला. शेवटच्या घाईची एक हकिकत त्या खेळावर काम केलेल्या एका प्रोग्रामरने २०२० साली जाहीरपणे सांगितली. खेळ पुरा होत आला होता. कंपनीच्या प्रमुखांच्या मुलाने तो खेळून पाहिला आणि म्हणाला, ह्यात करायला काही नाही, कंटाळा येतो. मग काय! मुख्य कथेच्या आजूबाजूची छोटी छोटी कामे पाच दिवसांत बसवण्याची पाळी ह्या मंडळींवर आली. त्यांनी ती बसवलीही. फक्त एक चूक राहून गेली. शोधून मारायच्या शत्रूंपैकी एक जण कधी कधी जमिनीतून आरपार खाली पडून नाहीसा होई, आणि खेळणारा बिचारा त्याला शोधतच राही!

खेळाचे स्वागत कसे झाले? शहरांची, चढण्याउतरण्याची वाहवा झाली. तीच तीच कामे पुन्हा पुन्हा करावी लागतात अशी टीकाही झाली, आणि ती रास्त होती. लोकांनी मात्र तो उचलून धरला. २००९ पर्यंत त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्याच वर्षी इटलीतल्या फ्लॉरेन्स आणि व्हेनिस शहरांत घडणारा दुसरा भाग आला. हे सगळे करणारी माणसे निरनिराळ्या धर्मांची आणि श्रद्धांची आहेत, असे त्या खेळाच्या आरंभीच लिहून ठेवले आहे. धर्मयुद्धाची गोष्ट सांगायची, तीही जेरुसलेममध्ये, तेव्हा असे सांगावेसे वाटणे साहजिकच होते.

पण श्रोतेहो, आता एक कडू गोष्ट सांगायची आहे. सांगितल्यावाचून ही हकिकत पुरी होत नाही.

खेळ बाजारात येण्याआधी त्याची ओळख करून देण्यासाठी रेमंडबाई ठिकठिकाणी, टेलिव्हिजनवर आणि प्रदर्शनांत बोलत होत्या. निर्मातीनेच हे काम करायचे असते. त्या तरुण होत्या, दिसायला चांगल्या होत्या. तेवढ्यावरून काही टवाळखोरांनी ठरवून टाकले की ही बाई नुसती शोभेला पुढे केली आहे, हिला कामातले काय कळते! इंटरनेटवर एक गलिच्छ चित्रकथा फिरवली गेली. कंपनीच्या वकिलांना त्यात पडावे लागले. संगणकशास्त्राची पदवी, प्रोग्रामर म्हणून केलेली नोकरी, चार वर्षांचे राबणे, हे सगळे कुणाला दिसले नाही. दिसला तो फक्त चेहरा. पुरुष निर्माता असता, तर त्याच्या नाकाडोळ्यांची चर्चा कोणी केली असती का?

आपल्याकडेही सरपंच झालेल्या बाईला हा अनुभव येतो. "सही बाईची, कारभार दादल्याचा," असे लोक ओट्यावर बसून म्हणतात. कुठे ते खरे असेलही. पण जिथे बाई खरोखर काम करते आहे, तिथेही तेच म्हणतात, हा अन्याय आहे. रेमंडबाईंनी ह्याला तोंडाने फारसे उत्तर दिल्याचे माझ्या वाचनात आले नाही. त्यांनी पुढचे काम हाती घेतले.

ते काम मोठे होते. २००९ साली कॅनडाच्या ओंटॅरिओ प्रांताच्या सरकारने जाहीर केले की, यूबीसॉफ्टने टोरांटो शहरात स्टुडिओ उघडावा. त्यासाठी दहा वर्षांत २६ कोटी ३० लाख कॅनेडियन डॉलरची मदत दिली जाईल, आणि बदल्यात कंपनीने ८०० लोकांना काम द्यावे. ह्या नव्या स्टुडिओच्या प्रमुख म्हणून रेमंडबाई टोरांटोला गेल्या, आणि २०१० मध्ये काम सुरू झाले. म्हणजे आता एका खेळाचा कारभार नव्हे, तर गावच वसवायचे! माणसे निवडायची, त्यांना एकमेकांची सवय लावायची आणि पहिले पीक काढून दाखवायचे. 'स्प्लिंटर सेल' ह्या जुन्या मालिकेतला 'ब्लॅकलिस्ट' हा खेळ त्या स्टुडिओने २०१३ साली पुरा करून दिला. पुढच्या वर्षी त्यांनी ती कंपनी सोडली.

ह्यापुढची वर्षे मी भरभर सांगते. पण त्यातच माझ्या भाषणाचा गाभा आहे, म्हणून लक्ष असू द्यावे. २०१५ साली त्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीत परत गेल्या आणि माँट्रिऑलमध्ये 'मोटिव्ह' नावाचा नवा स्टुडिओ उभा केला. कॅलिफोर्नियातला दुसरा एक स्टुडिओही त्यांच्या देखरेखीखाली होता. कंपनीने तो २०१७ मध्ये बंद केला. २०१८ मध्ये त्या बाहेर पडल्या. २०१९ साली गूगलने त्यांना बोलावले. गूगलची कल्पना अशी की, खेळणाऱ्याच्या घरी महागडे यंत्र नको. खेळ दूरच्या केंद्रात चालेल आणि फक्त चित्र तारेतून घरी येईल. ह्या योजनेचे नाव 'स्टेडिया'. तिच्यासाठी खेळ तयार करणारे स्टुडिओ उभारण्याचे काम बाईंकडे आले. पुन्हा माणसे जमवली, पुन्हा पाया खणला. आणि दोन वर्षेही झाली नाहीत, तोच १ फेब्रुवारी २०२१ रोजी गूगलने सांगितले की, आम्ही स्वतःचे खेळ करणार नाही. सुमारे दीडशे माणसांचे काम थांबले. ती सारी योजनाच पुढे जानेवारी २०२३ मध्ये बंद पडली.

मोठा खेळ तयार व्हायला चार वर्षे लागतात हे वर सांगितलेच. दोन वर्षांत पीक मागणाऱ्याने आंब्याची बाग लावू नये. पण मालक तो मालक. त्याने बांध फोडला, पाणी वाहून गेले.

आता पाहा, पुढे काय झाले. त्याच वर्षी मार्च महिन्याच्या मध्याला, म्हणजे अवघ्या सहा आठवड्यांत, रेमंडबाईंनी माँट्रिऑलमध्ये 'हेवन' नावाचा स्वतःचा स्टुडिओ जाहीर केला. त्याला सोनी कंपनीचे भांडवल मिळाले. आणि बंद पडलेल्या स्टुडिओतली कितीतरी माणसे त्यांच्यामागोमाग तिथे आली. हाती तयार खेळ नव्हता, नाव झालेले नव्हते. होता तो फक्त विश्वास. ही बाई बोलते तसे वागते, हिच्या हाताखाली काम करता येते, हा भरवसा ज्या माणसांना रोजच्या कामातून आला होता, ती माणसे आली. जमीन गेली तरी बियाणे घरात राखून ठेवणारा शेतकरी पुन्हा उभा राहतो. बाईंचे बियाणे म्हणजे ही माणसे.

ह्याचा शेवट गोड झाला असे सांगून टाळ्या घेता आल्या असत्या. पण खरे तेच सांगितले पाहिजे. सोनीने २०२२ मध्ये हा स्टुडिओ विकत घेतला. २०२३ च्या मे महिन्यात त्यांच्या पहिल्या खेळाची, 'फेअरगेम्स'ची, घोषणा झाली. आणि २०२५ च्या मे महिन्यात रेमंडबाई तोही स्टुडिओ सोडून गेल्याची बातमी आली. त्या गेल्या तेव्हा तो खेळ बाजारात आलेला नव्हता.

मग ह्या बाई यशस्वी की अयशस्वी? कोणी म्हणेल, दहा वर्षांत इतके स्टुडिओ उभे केले, हाती काय लागले? ह्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. टोरांटोचा आणि मोटिव्हचा स्टुडिओ त्या सोडून गेल्यावरही चालू राहिले, त्यांनी पुढे खेळ केले. 'असॅसिन्स क्रीड' मालिकेचे भाग त्या नसतानाही वर्षामागून वर्षे येत राहिले. कारभारणीचे काम असेच असते. ती गेल्यावरही चूल पेटती राहिली, तर तिने घडी नीट बसवली होती असे समजावे. आणि जिथे घडी मोडली, तिथे दोष कधी मालकाचा, कधी बाजाराचा, कधी तिचाही असेल. ते सोसून पुन्हा उभे राहणे, हे मात्र तिचे स्वतःचे.

हे सगळे फार लांबचे आहे, आपला ह्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. तितके ते लांब नाही. त्याच यूबीसॉफ्ट कंपनीने २००८ साली पुण्यातला एक स्टुडिओ आपल्याकडे घेतला आणि २०१८ साली मुंबईत आणखी एक उघडला. म्हणजे हे काम मराठी मुलामुलींच्या दारापर्यंत आले आहे. तेव्हा शिक्षक मंडळींना माझी एक विनंती आहे. वर्गातल्या मुलीला गणित आवडत असेल, तर तिला म्हणू नका, "तुला काय करायचंय त्याचं?" चित्रकलेची वही भरणाऱ्या मुलाला उडाणटप्पू ठरवू नका. जुन्या वाड्यांच्या, किल्ल्यांच्या गोष्टी विचारणाऱ्याला गप्प बसवू नका. एका खेळात गणित लागते, चित्र लागते, इतिहास लागतो, संगीत लागते, भाषा लागते. आणि ह्या सगळ्यांना एका दोरीत ओवणारे माणूस लागते. सहलीचा हिशेब चोख ठेवणारी, स्नेहसंमेलनात सर्वांना वेळेवर हजर करणारी, भांडणारांची समजूत घालणारी एखादी मुलगी तुमच्या शाळेत असेलच. तिच्या त्या गुणाला कोणी मार्क देत नाही. तो गुण आहे, एवढे निदान तिला सांगा.

आणि पालकांनो, मुलांनी दिवसभर मोबाईल घेऊन बसावे असे मी मुळीच म्हणत नाही. डोळे जातात, अभ्यास जातो, झोप जाते. पण मोबाईल हातातून काढून घेताना मुलाला एक प्रश्न जरूर विचारा: "हे कसं केलं असेल रे?" नुसता खेळणारा मुलगा आणि खेळ कसा झाला हे विचारणारा मुलगा, ह्यांच्यात फार अंतर असते.

माझ्या भाचीला मी नंतर पत्राने उत्तर कळवले. लिहिले की, बाळ, कंपनी म्हणजे माणसेच. कोणी भिंत रंगवते, कोणी चढण्याचे गणित मांडते, कोणी पावलांचा आवाज करते. आणि त्या सर्वांच्या मागे एक कारभारीण असते, तिचे नाव जेड रेमंड. पोरीचे चार ओळींचे उत्तर आले. त्यात शेवटी लिहिले होते, "मावशी, मला भिंतीचं गणित शिकायचंय. आमच्या शाळेत ते कितवीला असतं?"

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, ह्या प्रश्नाचे उत्तर मी तुमच्यावर सोपवते.